गुरुवारी उघडलेला लॅपटॉप

सर,

तुमचा तो काळा, जाड लॅपटॉप परवा भंगाराच्या यादीत गेला. जुने कंट्रोलर निघाले, नवीन बसले, त्याचं काम संपलं. यादीवर सही माझी आहे, कारण तुमच्या खुर्चीवर आता मी बसते. सही करताना माझा हात थांबला तसं स्टोअरवाल्यानं विचारलं, "मॅडम, काही राहिलंय का त्यात?" मी नाही म्हटलं आणि सही केली. संध्याकाळी घरी आले, चहा घेतला आणि वही काढून बसले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हाही मी तुमच्याशी एवढं सलग कधी बोलले नव्हते. "हो सर", "झालं सर", यापुढे माझी गाडी जायची नाही. आज सगळं क्रमानं लिहिते. क्रम सोडून कोणी सांगायला लागलं की तुम्ही चिडायचात.

मी तुमच्या खात्यात आले तेव्हा बावीस वर्षांची होते. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये आमच्या दोन खोल्या, बाबा फिटर, आई घरी शिवणकाम करायची. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याशेजारी माझं डिप्लोमाचं सर्टिफिकेट, आईनं काचेत बसवून घेतलेलं. अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्या केमिकल कंपनीच्या इन्स्ट्रुमेंट खात्यात मी पहिली मुलगी. गेटवरचा वॉचमन पहिला आठवडाभर मला लॅबकडेच पाठवत होता, कारण मुली म्हणजे लॅब. मी घाबरट होते हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असणार. वाफेची लाइन सुटली की मी दचकायची. रसायनं मिसळायच्या उंच टाकीच्या, म्हणजे रिअॅक्टरच्या, वरच्या मजल्यावर जाणाऱ्या जाळीच्या पायऱ्या चढताना खालचं सगळं दिसायचं आणि मी कठडा धरून मधेच थांबायची. एकदा वरच्या गेजचं रीडिंग घ्यायला न जाता मी आदल्या दिवसाच्या रीडिंगच्या आसपासचा आकडा वहीत लिहून टाकला. तुम्ही तो पाहिला, स्वतः वर जाऊन आलात आणि पॅनल रूममध्ये सगळ्यांसमोर वही माझ्यापुढे ठेवलीत. "दिसलं नाही तर 'दिसलं नाही' लिही. रिकामी जागा मला चालते. खोटा आकडा चालत नाही. त्या आकड्याच्या भरवशावर माणसं वर उभी असतात, कळलं?" मी रडले नाही, पण दोन दिवस डबा परत नेला. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला बरोबर घेऊन त्या पायऱ्या चढलात. एकेक पायरी, मधे थांबत, मला बारवी धरणाच्या बाजूचे डोंगर दाखवत, जणू आपण तेवढ्यासाठीच वर चाललो होतो.

लॅपटॉपचं सगळं सुरू झालं पावसाळ्यानंतर. साल दोन हजार सहाच्या आसपासचं. तोवर तो लॅपटॉप आठ-नऊ वर्षांचा झालेला, बिजागरी एका बाजूला सैल, आणि त्याची हार्ड डिस्क टक्, टक् असा आवाज करायला लागली होती. कोणी दारावर नखानं वाजवत असावं तसा. प्रोग्राम उघडायला एवढा वेळ लागायचा की तुम्ही तोवर हात धुऊन यायचात. मॅनेजरसाहेब म्हणाले, नवीन घेऊन टाका. नवीन आणलाही होता एक, चंदेरी, हलका. पण आमच्या रिअॅक्टरचा कंट्रोलर, म्हणजे पॅनलमधला तो राखाडी डबा, ज्याच्या सांगण्यावर सगळे पंप आणि व्हॉल्व्ह चालायचे, तो फक्त जुन्या पद्धतीच्या नऊ पिनांच्या केबलवर बोलायचा. नव्या लॅपटॉपला त्या केबलची जागाच नव्हती. मधे जोडायचा कन्व्हर्टर आणला, तर अर्ध्यावर संपर्क तुटायचा. आणि प्रोग्रामचं सॉफ्टवेअर एवढं जुनं, की नव्या विंडोजवर उघडायलाच तयार नव्हतं. तुम्ही मीटिंगमध्ये सांगितलंत, "लॅपटॉप बदलायचा नाही. त्याच्या आतलं बदलू. नवीन हार्ड डिस्क, जादा रॅम, आतली धूळ साफ. अजून चार वर्षं देईल." मॅनेजरसाहेब हसले. "खटारा गाडीला नवीन टायर घालून काय होणार? बरं, करणार कोण?" तुम्ही माझ्याकडे बोट केलंत.

सामान आणायला तुम्ही मलाच पाठवलंत, उल्हासनगर तुझं गाव आहे म्हणून. कॅम्पातल्या मार्केटमध्ये कॉम्प्युटरच्या जुन्या पार्टचं एक दुकान होतं, एक साठीची सिंधी बाई चालवायची. नवरा वारल्यावर तिनं स्वतः काम शिकून घेतलेलं. गल्ल्यावर चष्मा ठेवायची आणि स्क्रू हातानं चाचपून ओळखायची. मी मॉडेल नंबर दाखवला तशी म्हणाली, "अरे, ये तो बुढ्ढा है! लेकिन बॉडी मजबूत है. फेकना मत." तिनं रॅमची पट्टी काढून दिली, बोटभर लांबीची, हिरवी. मी ती धरली तर माझ्या हातातून काढून घेऊन कडेनं कसं धरायचं ते दाखवलं. "बिठाते टाइम दबाना पडेगा, हां. दोनों साइड से कट् कट् आवाज आनी चाहिये. लडकियाँ डरती हैं, टूट जायेगा बोलके. नहीं टूटता." मी मान हलवली. मला त्या पट्टीची इतकी भीती वाटली, की रिक्षात ती डब्याच्या पिशवीत न ठेवता घरापर्यंत दोन्ही हातांत धरून बसले.

बुधवारी तुम्ही नवीन हार्ड डिस्क रुमालात गुंडाळून आणलीत. घरच्या कॉम्प्युटरवर जुनीवरचं सगळं तुम्ही नवीवर उतरवून घेतलं होतं. टेबलावर ठेवून मला म्हणालात, "शुक्रवारी कंपनी बंद असते. बॅच नसते. तेव्हा उघडायचा. आधी डिस्क बदल, चालू करून बघ. चालला की बंद कर, मग रॅम. एका वेळी एकच गोष्ट. मी असतो शेजारी." तेवढ्यात मॅनेजरसाहेब दारातून म्हणाले, "शुक्रवारी मीपण येतो. बाईंच्या हातून ऑपरेशन आहे म्हणजे बघायलाच पाहिजे." दोन-तीन जण हसले. तुम्ही नाही हसलात, पण बाकीच्यांचं हसणं मला पुरलं. त्या क्षणापासून मला शुक्रवार दिसायला लागला. मी स्क्रू काढतेय, चार माणसं माझ्या हाताकडे बघताहेत, काहीतरी तुटतंय. घरी आईनं विचारलं, "काय झालं गं, जेवत का नाहीस?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

म्हणून मी तो गुरुवारी उघडला, सर. तुम्हाला मी नंतर सांगितलं की आवाज वाढला होता, मला वाटलं डिस्क आत्ताच जाईल. आवाज वाढला नव्हता. मला फक्त कोणी बघायला नको होतं. जेवणाच्या सुट्टीत पॅनल रूम रिकामी होती. तुम्ही वर रिअॅक्टरजवळ होतात, कारण बॅच चालू होती आणि त्या दिवशीचा माल थोडा आडमुठा होता. दोन द्रावणं थेंबाथेंबानं एकत्र होत जायची, ती मिसळताना स्वतःच तापायची, आणि बाहेरून गार पाणी फिरवून त्यांना थंड ठेवायचं, एवढं ते काम. सगळं कंट्रोलर बघत होता. बॅच चालू असताना लॅपटॉप जोडावा लागत नाही, तो फक्त तयार असावा लागतो. मी स्वतःला म्हटलं, वीस मिनिटांचं काम. शुक्रवारी मॅनेजरसाहेब येतील तेव्हा झालेलं असेल, मी फक्त चालू करून दाखवीन. मी स्क्रू एका कागदावर मांडत गेले. आत राखाडी धुळीची गादी झाली होती, ती ब्रशनं काढली. जुनी डिस्क काढली, नवी बसवली. मधे चालू करून बघायचं होतं. घड्याळ पाहिलं, दहा मिनिटं उरली होती, आणि मी लगेच रॅमची पट्टीही रिकाम्या खाचेत घातली. दाबताना बोर्ड वाकल्यासारखा वाटला आणि मी अंगठा मागे घेतला. एकच 'कट्' आला. मला वाटलं, असू दे, बसलेली दिसतेय.

आणि लाइट गेले. आमच्याकडे लाइट जाणं काही विशेष नव्हतं. जनरेटर घरघरला, दिवे परत आले. पण पॅनलवर एरवी हिरवा असणारा कंट्रोलरचा दिवा लाल झाला आणि लालच राहिला. मी तो बघत उभी आहे. मला माहीत आहे तो कशाचा आहे, तुम्हीच शिकवलं होतंत. त्याच्या आत एक छोटी बॅटरी होती, लाइट गेले तरी प्रोग्राम लक्षात ठेवणारी. ती बदलायला हवी म्हणून तुम्ही तीनदा लिहून दिलं होतं आणि ती अजून आली नव्हती. कंट्रोलर सगळं विसरला होता. त्याला परत सांगायचं म्हणजे लॅपटॉपमधून प्रोग्राम भरायचा. आणि लॅपटॉप माझ्यासमोर पोट उघडून पडला होता.

इंटरकॉम वाजला. तुमचा आवाज, मागे रिअॅक्टरचा. "कंट्रोलर गेलाय. गार पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद झाला. आम्ही हातानं बायपास उघडतोय, पण ती लाइन बारीक आहे. प्रोग्राम भर." बिघाड झाला की उघडा राहील असा व्हॉल्व्ह तिथे हवा होता, आमचा जुना, बंद होणारा होता. तो बदलायचंही तुम्ही लिहून दिलं होतं. मी "हो सर" म्हटलं. मी सांगायला हवं होतं की लॅपटॉप उघडा आहे. मी झाकण तसंच ठेवून, एकही स्क्रू न लावता बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळी. परत दाबलं. काळी. पॅनलवर तापमानाचा आकडा वेगळ्या मीटरवर दिसत होता, तो एकेका अंशानं वर जात होता. त्या मीटरवर तुम्ही लाल टेप लावली होती. टेप ओलांडली की बॅच सोडून द्यायची, सगळा माल खालच्या पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि सगळ्यांनी उतरून पळायचं. पण तो निर्णय टेपच्या बराच आधी घ्यावा लागतो, कारण टेपजवळ आल्यावर वर कोणी उभं असून चालत नाही. म्हणूनच तुम्ही परत फोन केलात. "ऐक. मला खरं सांग. किती वेळ? नसेल होत तर मी माल आत्ता सोडतो."

सर, त्या वेळी माझ्यासमोर काळी स्क्रीन होती. आणि मी म्हटलं, "लोड होतंय सर. दोन मिनिटं."

हे तुम्हाला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नाही. मी का म्हटलं ते मी इतक्या वर्षांत स्वतःला निरनिराळ्या प्रकारे सांगून पाहिलंय. लाखाचा माल, तुमचं नाव, मॅनेजरसाहेबांचं हसणं. पण खरं तर मला फक्त तो फोन खाली ठेवायचा होता. तुमच्या आवाजाचीच भीती वाटत होती मला. तुम्ही म्हणालात, "ठीक आहे, आम्ही धरून ठेवतो." तुम्ही वर तिघं होतात. तुम्ही, कॅम्प चारचा एक ऑपरेटर, आणि बारवीकडच्या पाड्यावरून येणारा तो पन्नाशीचा मामा, ज्याला सगळे मामाच म्हणायचे. बायपासचं चाक गंजलेलं, ते दोघं पाइप अडकवून फिरवत होते आणि तुम्ही गेज बघत होतात. मी नवी डिस्क ओढून काढली, जुनी घातली, बटण दाबलं. काळी. दोन मिनिटं होऊन गेली होती. फोन परत वाजला. "अजून?" मी म्हटलं, "नव्वद टक्के झालं." मी आकडा दिला, सर. तुम्हाला.

मग माझे हात सावकाश चालायला लागले. ते धैर्य नव्हतं, हात बधिर झाले होते. मी पट्टीकडे बघितलं आणि ती एका बाजूनं केसभर वर दिसली. एका वेळी एकच गोष्ट बदल, हे तुमचं वाक्य मला तेव्हा आठवलं असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तसं काही आठवलं नाही. मी ती हिरवी पट्टी नुसती उपटून काढली आणि बटण दाबलं. बीप झाला. अक्षरं आली. जुनी डिस्क टक्, टक् करत होती आणि मी दोन्ही हात टेबलावर दाबून तिच्या पाया पडल्यासारखी वाकून उभी होते. विंडोज उघडायला किती वेळ लागतो, सर, तो लॅपटॉप किती मठ्ठ होता! केबल लावली, प्रोग्राम निवडला, स्क्रीनवरची टक्क्यांची रेघ भरायला लागली. दहा टक्के. वीस. मीटरवरचा आकडा चढत चढत टेपपासून चार अंशांवर येऊन ठेपला होता आणि अजून चढतच होता. तिसऱ्यांदा फोन वाजला. मी उचलला नाही. लाल दिवा गेला, हिरवा लागला, आणि खाली मेन लाइनमध्ये पाणी सुटल्याचा तो धपकन् आवाज जमिनीतून माझ्या पायांपर्यंत आला. आकडा आणखी एक अंश चढला, तिथेच राहिला, बराच वेळ राहिला, आणि मग उतरला. भिंतीवरच्या घड्याळात लाइट गेल्यापासून चौदा मिनिटं झाली होती.

तुम्ही खाली आलात तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला होता. मामाच्या तळव्याची कातडी चाकावर निघाली होती. तुम्ही टेबलावरचे कागदावर मांडलेले स्क्रू पाहिलेत, झाकण पाहिलंत, बाजूला पडलेली नवी डिस्क पाहिलीत. मला वाटलं, आता. तुम्ही विचारलंत, "आज उघडलास?" मी मान हलवली. तुम्ही खुर्चीत बसलात आणि पाणी मागितलंत. एवढंच. मामा हाताला फडकं बांधत माझ्याकडं बघून म्हणाला, "बाय, तू खाली व्हतीस म्हनून आमी थांबलो. न्हायतर मी कवाच पलालो असतो." तो हसला. मी बाथरूममध्ये जाऊन उलटी केली.

चौकशी झाली. मॅनेजरसाहेबांनी पहिलाच प्रश्न केला, बॅच चालू असताना लॅपटॉप उघडा का होता. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मी सांगितलं होतं. डिस्क कधीही गेली असती. निर्णय माझा." माझ्याकडे तुम्ही पाहिलंसुद्धा नाहीत. मी टेबलाच्या कडेकडे बघत बसले. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी घाबरलीय, एक दिवस आधी उघडला एवढीच तिची चूक आहे. तेवढी चूक तुम्ही स्वतःवर घेतलीत आणि दुसरी तुम्हाला माहीतच नव्हती. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बंद कंपनीत, आपण दोघांनी तो लॅपटॉप नीट केला. मॅनेजरसाहेब आलेच नाहीत. आधी डिस्क. चालू केला, चालला. बंद केला. मग रॅम. तुम्ही माझ्या अंगठ्यावर तुमचा अंगठा ठेवून दाबलात, इतकं जोरात की मला वाटलं बोर्ड गेला, आणि दोन्ही बाजूंनी कट्, कट् आवाज आला. "बघ. घाबरून दाबलं की अर्धंच बसतं," तुम्ही म्हणालात. लॅपटॉप त्या दिवशी अर्ध्या मिनिटात उघडला. तुम्ही लहान मुलासारखे खूश झालात, तीनदा बंद-चालू करून पाहिलात. मी तुमच्याबरोबर हसले. तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आपण दोघंच होतो, लॅपटॉप चालत होता, कोणाला काही झालेलं नव्हतं. मी स्क्रू लावत राहिले.

पुढच्या मार्चमध्ये तुम्ही रिटायर झालात. दोन वर्षांची मुदतवाढ मिळणार हे आधी ठरल्यासारखंच होतं. नवा प्लँट तुमच्या हातून सुरू व्हायचा होता, त्याच्या पॅनलची ड्रॉइंग तुम्ही स्वतः काढली होती. त्या चौकशीनंतर मुदतवाढीचं कोणी नाव काढलं नाही. निरोप समारंभात कँटीनमध्ये सामोसे आणि वेफर्स होते, आणि तुम्ही भाषणात तो गुरुवार सांगितलात. म्हणालात, "वर आम्ही तिघं होतो. आमचा जीव खाली एका मुलीच्या शब्दावर होता. ती मला टक्का टक्का सांगत होती. एक आकडा इकडचा तिकडे नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामानं गंमत म्हणून हात अजून बांधलेला असल्यासारखं करत वाजवल्या, खरं तर हात तोवर बरा झाला होता. मी उभी राहून नमस्कार केला, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. पुढे नवा प्लँट सुरू करताना मला पॅनलवर घेतलं ते त्याच गोष्टीमुळे. डिपार्टमेंटला कळलं होतं की ही मुलगी डोकं शांत ठेवते. मी चढत गेले. आज माझ्या हाताखाली सात जण आहेत आणि त्यांच्यातलं कोणी इंटरकॉमवर "दोन मिनिटं मॅडम" म्हणालं, की मी उत्तर न देता उठते आणि स्वतः जाऊन स्क्रीन बघते. मुलं म्हणतात, मॅडमचा कोणावर विश्वास नाही. बरोबर आहे त्यांचं.

तुम्ही गेल्यानंतर काकू एकदा बदलापूरच्या बाजारात भेटल्या. बरोबर त्यांची एक शेजारीण होती. काकूंनी माझा हात धरून तिला सांगितलं, "हीच गं ती. ह्यांचा जीव हिनं वाचवला." गर्दीत उभ्या राहून त्यांनी सगळी गोष्ट सांगितली, तुमच्याच शब्दांत, टक्का टक्का. त्यांना त्या गोष्टीचा आधार आहे असं मला वाटलं. त्यामुळे हे पत्र त्यांच्याकडे जाणार नाही. आणि दुसरा पत्ता माझ्याजवळ नाही. मामाही आता नाही. हे वहीत राहील.

एक मात्र लिहिते आणि थांबते. रिटायर झाल्यावर वर्षभरानं मी एका रविवारी दुपारी तुमच्या घरी आले होते, आठवतंय? स्टेशनपासून चालत. तुम्ही गॅलरीत कुंडीतली माती उकरत होतात. तुम्ही खूप खूश झालात, काकूंनी थालीपीठ केलं, तुम्ही मला नव्या प्लँटबद्दल तासभर प्रश्न विचारलेत, कुठला व्हॉल्व्ह, कोणत्या कंपनीचा, बॅटरी दर वर्षी बदलतात ना. मी सगळ्याची उत्तरं दिली. निघताना तुम्ही खाली फाटकापर्यंत आलात, पायांत घरातल्याच चपला. फाटकाची कडी काढता काढता तुम्ही म्हणालात, "काही सांगायचं होतं का तुला?" मी म्हटलं, "नाही सर. इकडे आले होते, म्हटलं सहज भेटून जावं."

मी सहज आले नव्हते, सर.